चारच बिंदू, नाहीतर हजारो ठिपके: ओपनसीव्हीने चित्रातली बाह्यरेषा काढताना पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी

ए-फोर कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) स्कॅन केला की साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेलचे चित्र मिळते. काचेवर एक कागदी साचा ठेवलाय, त्याची बाह्यरेषा लेझर कटिंगसाठी हवी आहे. पायथनमध्ये ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीचे फाइंडकॉन्टूर्स (कॉन्टूर म्हणजे बाह्यरेषेच्या बिंदूंची यादी) चालवले आणि हाती चारच बिंदू आले: (०, ०), (०, ३५०७), (२४७९, ३५०७), (२४७९, ०). साच्याचा पत्ताच नाही. नाहीतर नेमके उलटे होते: एकाच साच्याचे चार हजार कॉन्टूर येतात आणि त्यातले बहुतेक एका-दोन बिंदूंचे असतात.

दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते. फाइंडकॉन्टूर्स चित्राकडे चित्र म्हणून पाहत नाही. शून्य नसलेला प्रत्येक पिक्सेल त्याच्या लेखी वस्तू, आणि शून्य म्हणजे पार्श्वभूमी. १९८५ साली सुझुकी आणि आबे यांनी मांडलेली कडेकडेने चालत जाण्याची पद्धत ते वापरते आणि ते काम चोख करते. म्हणून फंक्शनचे पर्याय बदलत बसण्याआधी त्याच्या हाती दिलेले काळे-पांढरे चित्र तपासावे. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

फंक्शनांची नावे पुढे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. ओपनसीव्हीत बहुतेक नावांत शब्द जोडून येतात आणि दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे असते, इमरीडसारखी काही नावे मात्र सगळी छोट्या अक्षरांत असतात. सायकिट-इमेज या दुसऱ्या लायब्ररीमध्ये सगळी अक्षरे छोटी आणि मध्ये अंडरस्कोर. हा फरक चुकला तर ॲट्रिब्यूट एरर येते.

चारच बिंदू, तेही चित्राच्या कोपऱ्यांचे

पार्श्वभूमी पांढरी आणि वस्तू काळी राहिली आहे. पांढरे म्हणजे वस्तू, त्यामुळे फंक्शनच्या दृष्टीने अख्खा कागद ही वस्तू आणि तुमचा साचा हे तिच्यातले भोक. रिट्रीव्हल मोड (कोणते कॉन्टूर परत द्यायचे ते) एक्स्टर्नल असेल तर भोके वगळली जातात आणि फक्त चौकट उरते.

यावर बरेच जण मोड बदलून लिस्ट (सगळेच कॉन्टूर देणारा) करतात, क्षेत्रफळाप्रमाणे क्रम लावतात आणि दुसऱ्या क्रमांकाचा कॉन्टूर उचलतात. आकार दिसायला बरोबर असतो, पण माप चुकते. भोकाचा कॉन्टूर भोकाच्या आतल्या पिक्सेलवरून जात नाही, भोवतीच्या पांढऱ्या पिक्सेलवरून जातो. म्हणजे साच्याच्या कडेपासून एक पिक्सेल बाहेरून. १०० पिक्सेल रुंद वस्तू उलटे न करता काढली तर डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत १०१ चे अंतर येते, नीट उलटी करून काढली तर ९९ चे. हा दोन पिक्सेलचा फरक जुळणीच्या भागांमध्ये जाणवतो.

त्यामुळे उपाय एकच: थ्रेशोल्ड करतानाच, म्हणजे एका किमतीवरून चित्र काळे-पांढरे करतानाच, ते उलटे करा. थ्रेश बायनरी इन्व्ह आणि थ्रेश ओत्सू हे दोन झेंडे (फ्लॅग) एकत्र द्या. ओत्सू ही किंमत चित्रावरून स्वतःच ठरवते, सोबत दिलेली थ्रेशोल्डची किंमत विचारात घेतली जात नाही, म्हणून तिथे ० लिहिण्याचा प्रघात आहे. आणखी एक: थ्रेशोल्ड फंक्शन दोन गोष्टी परत देते, आधी वापरलेली किंमत, मग चित्र. दोन्ही एकाच नावात घेतल्या तर पुढे चित्राऐवजी टपल जाते आणि एरर येते.

साचा पांढऱ्या कागदाचा असेल तर स्कॅनरचे झाकणही पांढरेच असते. तिथे कोणताही थ्रेशोल्ड चालणार नाही, कारण फरक दाखवते ती फक्त कागदाच्या जाडीची पुसट सावली. मागे काळा कार्डशीट ठेवून पुन्हा स्कॅन करा. वस्तू पांढरी, मागचे काळे, उलटे करण्याचीही गरज नाही. कोडमध्ये तासभर घालवण्यापेक्षा हा कार्डशीट स्वस्त पडतो.

हजारो कॉन्टूर

आधी नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या युनिक फंक्शनने चित्रातल्या वेगवेगळ्या किमती छापून पाहा. उत्तर फक्त ० आणि २५५ यायला हवे. त्यात ३, ७, १२, २४८ असे काही दिसले तर कारण तिथेच आहे.

हे असे होते: काळे-पांढरे केलेले चित्र मध्येच जेपेग म्हणून साठवले जाते. जेपेग ८ बाय ८ च्या ठोकळ्यांत माहिती दाबते, त्यामुळे गडद कडांभोवती हलके डाग उठतात. डोळ्यांना तिथे काळेच दिसते. पण ३ ही किंमत शून्य नाही, म्हणून फाइंडकॉन्टूर्स तिला वस्तू धरते. मधले प्रत्येक चित्र पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. मूळ चित्रच जेपेग असेल तर वाचल्यानंतर थ्रेशोल्ड करा आणि त्यानंतर ते पुन्हा डिस्कवर जेपेग म्हणून लिहू नका.

आकार बदलतानाही हेच घडते. मास्क (वस्तू पांढरी, बाकी काळे असे चित्र) लहान-मोठा करताना रिसाइझचा डीफॉल्ट इंटरपोलेशन कडांवर मधल्या करड्या किमती तयार करतो. मास्कसाठी इंटर निअरेस्ट द्या, किंवा आकार आधी बदलून थ्रेशोल्ड नंतर करा. दुसरा मार्ग अधिक चांगला, कडा कमी दातेरी होतात.

किमती ० आणि २५५ च असूनही कॉन्टूर खूप येत असतील तर तो खरा कचरा आहे: धूळ, कागदाचे तंतू, छपाईचे ठिपके. थ्रेशोल्डआधी ३ किंवा ५ चा मीडियन ब्लर द्या. सुट्या ठिपक्यांवर तो गॉसियनपेक्षा चांगला चालतो आणि कडा फारशा पसरवत नाही. उरलेले ३ बाय ३ च्या ओपनिंगने (पांढरा भाग आधी आकसवून मग पुन्हा वाढवण्याने) जातात. शेवटी क्षेत्रफळाची चाळणी लावा. ३०० डीपीआयला १ चौरस मिलिमीटर म्हणजे साधारण १४० पिक्सेल. त्याहून लहान भाग साच्यात नाहीतच हे माहीत असेल तर १४० ही मर्यादा सरळ वापरता येते. असा हिशेब करून ठरवलेला आकडा दुसऱ्या स्कॅनवरही टिकतो, अंदाजाने टाकलेला ५०० टिकत नाही.

एकाच रेषेच्या दोन बाह्यरेषा

कॅनी ही कडा शोधणारी पद्धत वापरून मग फाइंडकॉन्टूर्स चालवणाऱ्यांना हे हमखास भेटते. कॅनीचे उत्तर म्हणजे भरीव आकार नव्हे, तर एक पिक्सेल जाडीच्या पांढऱ्या रेषा. फाइंडकॉन्टूर्स त्या रेषेलाच वस्तू समजून तिच्याभोवती फिरते. रेषा पूर्ण बंद असेल तर एक बाहेरचा आणि एक आतला असे दोन कॉन्टूर मिळतात. रेषा एका जागी जरी तुटली असेल तर कॉन्टूर बाहेरून जातो, तुटीपाशी वळतो आणि आतून परत येतो. बिंदूंची संख्या जवळपास दुप्पट, क्षेत्रफळ जवळपास शून्य. मग क्षेत्रफळाची चाळणी नेमका हवा तो आकार फेकून देते आणि ‘साचा सापडतच नाही’ अशी तक्रार येते.

भरीव वस्तूची बाह्यरेषा हवी असेल तर कॅनी नकोच, थ्रेशोल्ड वापरा. प्रकाश फारच असमान असल्याने कॅनीशिवाय पर्याय नसेल तर ३ बाय ३ किंवा ५ बाय ५ च्या क्लोजिंगने (आधी वाढवून मग आकसवण्याने) तुटी सांधा, एक्स्टर्नल मोडमध्ये कॉन्टूर काढा, तो ड्रॉकॉन्टूर्सने जाडी −१ देऊन कोऱ्या चित्रात भरा आणि त्या भरीव चित्रावर पुन्हा कॉन्टूर काढा.

प्रत्येक पिक्सेल भोवतीच्या ब्लॉकशी तोलणाऱ्या अडॅप्टिव्ह थ्रेशोल्डचेही असेच आहे. ब्लॉक साइझ विषम आणि १ पेक्षा मोठा हवा, हे एरर सांगतेच. पण ११ चा ब्लॉक आणि ४०० पिक्सेल रुंद वस्तू असेल तर वस्तूच्या मध्यभागी प्रत्येक पिक्सेल आपल्यासारख्याच शेजाऱ्यांशी तोलला जातो. आत पोकळ आणि भोवती फक्त एक पट्टी, असे चित्र तयार होते. म्हणजे पुन्हा दोन बाह्यरेषा. स्कॅनरवर प्रकाश सारखा असतो, तिथे ओत्सू पुरतो. मोबाइलने काढलेल्या फोटोसाठी अडॅप्टिव्ह लागलेच तर ब्लॉक वस्तूपेक्षा मोठा ठेवा.

पेनाने काढलेल्या नक्षीची मधली रेषा हवी असेल तर ते कामच वेगळे. रेषा बारीक करण्याचे थिनिंग फंक्शन ओपनसीव्हीच्या कॉन्ट्रिब पॅकेजमध्ये आहे, साध्या पॅकेजमध्ये नाही. बारीक केलेल्या रेषेवर फाइंडकॉन्टूर्स चालवले तर ते त्याच रेषेवरून जाऊन परत येते, म्हणून तिथे पिक्सेलचे शेजारी शोधत स्वतःच मार्ग लिहावा लागतो.

फंक्शन चालतच नाही तेव्हा

‘टू मेनी व्हॅल्यूज टू अनपॅक’ किंवा ‘नॉट इनफ व्हॅल्यूज टू अनपॅक’: हा आवृत्तीचा फरक. २.४ मध्ये फाइंडकॉन्टूर्स दोन गोष्टी परत देत असे, ३ च्या मालिकेत तीन, आणि ४ पासून पुन्हा दोन. इंटरनेटवरचा कोड कोणत्या काळातला आहे त्यावर एरर ठरते. परत आलेल्यातले शेवटचे दोन घटक घेतले की सगळीकडे चालते. ३.२ च्या आधीच्या आवृत्त्या मूळ चित्रही बिघडवत, म्हणून जुन्या कोडमध्ये कॉपी दिसते. नव्यात ती लागत नाही.

‘सपोर्ट्स ओन्ली सीव्ही ८यूसी१’: चित्र ८ बिटचे आणि एकाच चॅनेलचे नाही. रंगीत असेल तर ग्रे करा. बूलियन असेल तर यूइंट८ मध्ये बदला. चालेल, पण किमती ० आणि १ झाल्याने पडद्यावर चित्र काळेच दिसेल, म्हणून २५५ ने गुणून ठेवा. मशीन लर्निंगच्या मॉडेलकडून आलेला ० ते १ मधला दशांश मास्क असेल तर सरळ यूइंट८ करू नका. ०.९८ चेही ० होते, कारण दशांश भाग कापला जातो. आधी ०.५ शी तुलना करा, मग बदला.

‘अ‍ॅसर्शन फेल्ड, एम्प्टी’ ही एरर रंग बदलणाऱ्या सीव्हीटीकलरपाशी येते, पण दोष आधीच्या ओळीत असतो. इमरीडला फाइल मिळाली नाही तर ते एरर देत नाही, नन, म्हणजे ‘काहीच नाही’, परत देते. आणि इथे मराठी वापरणाऱ्यांची खास अडचण आहे: विंडोजवर फोल्डरचे किंवा फाइलचे नाव देवनागरीत असेल तर फाइल जागेवर असूनही इमरीड ती उघडू शकत नाही. ‘साचे’ नावाचा फोल्डर किंवा मराठीत लिहिलेले वापरकर्त्याचे नाव एवढेही पुरते. नमपायच्या फ्रॉमफाइलने बाइट यूइंट८ म्हणून वाचा आणि ओपनसीव्हीच्या इमडीकोडला द्या. लिहिताना इमएन्कोड आणि टूफाइल. फोल्डरची मराठी नावे बदलण्याची गरज नाही.

पारदर्शक पीएनजीत सगळेच काळे आले तर पारदर्शकता सांगणारा अल्फा चॅनेल गळाला आहे. काळा लोगो आणि पारदर्शक भागाखालीही काळा रंग, अशी स्थिती वारंवार असते. इमरीड अनचेंज्ड झेंडा देऊन चौथा चॅनेल घ्या. तोच आयता मास्क असतो. मात्र या झेंड्याने फोटोतली एक्झिफ दिशा (फोटो कसा धरून काढला याची फाइलमधली नोंद) लागू होत नाही, एरवी इमरीड ती लागू करते, आणि पिलो ही दुसरी लायब्ररी स्वतःहून करत नाही. एकाने कॉन्टूर काढला आणि दुसऱ्याने दाखवला की मोबाइलचा उभा फोटो ९० अंशांत फिरलेला दिसतो. सहनिर्देशकांत चूक नसते, चित्र वाचायची पद्धत दोन्हीकडे एकच ठेवा.

बिंदू मिळाले, पण जुळत नाहीत

प्रत्येक कॉन्टूरचा आकार (एन, १, २) असतो. मधला तो १ बऱ्याच एररचे कारण आहे. सेव्हटेक्स्ट त्रिमितीय ॲरे नाकारते. स्क्वीझ करू नका: एकाच बिंदूचा कॉन्टूर असेल तर स्क्वीझ दोन्ही मिती काढून टाकते आणि पुढचा कोड तिथेच मोडतो. रीशेप (−१, २) प्रत्येक वेळी बरोबर चालते. जेसनमध्ये लिहायचे तर टूलिस्ट करा, नाहीतर इंट३२ ची तक्रार येते. सगळे कॉन्टूर एकत्र नमपाय ॲरेत कोंबू नका. लांबी वेगवेगळी असल्याने नमपाय १.२४ पासून थेट व्हॅल्यू एरर येते. सीएसव्हीत कॉन्टूर क्रमांक, एक्स, वाय असे तीन रकाने ठेवले की काम भागते.

ओपनसीव्ही (एक्स, वाय) देते, म्हणजे आधी स्तंभ, मग ओळ. नमपायचे इंडेक्सिंग आधी ओळ, मग स्तंभ. सायकिट-इमेजचे फाइंड कॉन्टूर्सही आधी ओळ देते. आकार तिरक्या आरशात पाहिल्यासारखा उलटा-आडवा दिसला तर हेच झाले आहे. चौरसावर ही चूक लपते, म्हणून चाचणीसाठी एल अक्षरासारखा असममित आकार घ्या.

चित्रात वाय खाली वाढतो, कॅडमध्ये वर. रूपांतर उंची − १ − वाय असे करा. नुसते उंची − वाय केले तर सगळे एक पिक्सेलने वर सरकते. फिरण्याच्या दिशेकडेही लक्ष द्या. ओपनसीव्हीचा बाहेरचा कॉन्टूर पडद्यावर घड्याळाच्या उलट दिशेने जातो आणि वाय उलटल्यावर कॅडमध्येही तसाच राहतो, वाय न उलटता नेला तर मात्र तो घड्याळाच्या दिशेने होतो. भोके आणि बाहेरची कड दिशेवरून ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला वेगळी दिशा हवी असेल तरच बिंदूंचा क्रम उलटा करा. पहिला बिंदू शेवटी पुन्हा येत नाही, हेही लक्षात ठेवा. डीएक्सएफ (कॅडची फाइल) लिहिताना पॉलिलाइन बंद असल्याचा झेंडा दिला नाही तर शेवटची बाजू कापलीच जात नाही.

ड्रॉकॉन्टूर्सने तपासताना रेषेऐवजी सुटे ठिपके दिसले तर एकच कॉन्टूर लिस्टमध्ये न घालता दिला आहे, त्याला चौकोनी कंसात घाला. काहीच दिसले नाही तर करड्या चित्रावर हिरवा रंग दिला असण्याची शक्यता मोठी: एका चॅनेलच्या चित्रात (०, २५५, ०) मधला पहिलाच आकडा, म्हणजे ०, वापरला जातो. चित्र आधी तीन चॅनेलचे करा.

मापातला फरक

ही बाब सर्वांत कमी ठाऊक असते आणि तिचा त्रास उशिरा, कापून झाल्यावर कळतो.

कॉन्टूर पिक्सेलच्या बाहेरच्या कडेवरून जात नाही, कडेच्या पिक्सेलच्या केंद्रातून जातो. १०० बाय १०० पिक्सेलचा भरीव चौरस घ्या. कॉन्टूरएरिया १०,००० नव्हे, ९,८०१ सांगेल, कारण तो ९९ बाय ९९ मोजतो. आर्कलेंग्थ ३९६ येईल. बाउंडिंगरेक्ट मात्र १०० रुंदी देईल, कारण ते पिक्सेल मोजते. आणि १० बाय १० च्या भोकाचे क्षेत्रफळ ११९ येते: एक पिक्सेल बाहेरून गेलेला ११ चा चौरस, त्यातून चार कापलेले कोपरे. म्हणून चौरस भोकाला चारऐवजी आठ बिंदू मिळतात, ती चूक नव्हे. क्षेत्रफळच हवे असेल तर मास्कमधले शून्येतर पिक्सेल मोजा. तो आकडा भोके धरूनही बरोबर असतो.

३०० डीपीआयला एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटर. तिथे हा फरक लेझरच्या स्वतःच्या कापाच्या रुंदीपुढे लहान ठरतो. ७२ डीपीआयच्या चित्रात तोच एक पिक्सेल ०.३५ मिलिमीटर होतो आणि खाचेत खाच बसत नाही. तिथे सायकिट-इमेजचे फाइंड कॉन्टूर्स वापरा. ते मार्चिंग स्क्वेअर्स पद्धतीने दोन पिक्सेलच्या मधून, दशांशात कड काढते. त्याच १०० च्या चौरसाचे क्षेत्रफळ त्यातून ९,९९९.५ येते. त्याला काळे-पांढरे चित्र देऊ नका. हलका ब्लर दिलेले करडे चित्र आणि ओत्सूने सांगितलेली किंमत लेव्हल म्हणून द्या, तरच दशांशाला अर्थ येतो आणि पायऱ्या जातात.

परिमितीवर तर आणखी कमी भरवसा ठेवा. आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या कडांवर आर्कलेंग्थ बरोबर असते. २२.५ अंशांच्या आसपास ती ८ टक्क्यांपर्यंत जास्त भरते, कारण रेषा पायऱ्यापायऱ्यांनी मोजली जाते. कापडाची किनार किंवा रबर पट्टी या आकड्यावरून कापू नका.

शेवटी अ‍ॅप्रॉक्सपॉलीडीपी. बिंदू कमी करण्यासाठी सगळीकडे एकच नुस्खा दिसतो: एप्सिलॉन म्हणजे परिमितीच्या ०.०१ किंवा ०.०२ पट. हा आकडा त्रिकोण, चौकोन ओळखण्यासाठी आहे. एप्सिलॉन हे पिक्सेलमधले अंतर असते, मूळ रेषा आणि सोपी केलेली रेषा यांच्यात जास्तीत जास्त तेवढी तफावत चालेल असा त्याचा अर्थ. परिमिती २४०० पिक्सेल असेल तर ०.०१ पट म्हणजे २४ पिक्सेल, ३०० डीपीआयला २ मिलिमीटर. गोलाईचे सरळ तुकडे होतात आणि नाजूक खाचा गायब. कटिंगसाठी परिमितीशी संबंध न ठेवता एप्सिलॉन १ ते १.५ पिक्सेल द्या. पायऱ्या जातात, आकार राहतो. त्यानंतर शेपली या भूमितीच्या लायब्ररीमध्ये पॉलिगॉन वैध आहे का (रेषा स्वतःलाच छेदत नाही ना) ते तपासा. अवैध निघाला तर बहुधा एक पिक्सेल जाडीचा तंतू बाहेर आलेला असतो, आणि रेषा त्यावरून जाऊन परत येते. शेपलीत बफर शून्य देऊन तो झाकू नका, कधीकधी त्यात आकाराचा खरा भागही जातो. मागे जाऊन मास्कवर ३ बाय ३ चे ओपनिंग करा.

डीपीआयवर आंधळा विश्वासही नको. प्रत्येक स्कॅनमध्ये साच्याशेजारी ५० मिलिमीटरचा अचूक चौरस ठेवा. ३०० डीपीआयला त्याची बाजू ५९० ते ५९१ पिक्सेल यायला हवी. ५७० आली तर चित्र वाटेत कुठेतरी लहान झाले आहे. ते कुठे झाले हे सापडत नसेल तर आलेल्या बाजूने ५० ला भागा आणि त्या आकड्याने सगळे सहनिर्देशक गुणा. मात्र आडवी आणि उभी बाजू वेगळी येत असेल तर एक्स आणि वायसाठी दोन वेगळे गुणक घ्या.